राजाचा पुतळा ते मोटारीचे चाक : गोळ्यांसाठी वितळवलेल्या भंगार शिशाची पार्श्वभूमी

९ जुलै १७७६ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वॉशिंग्टनच्या सैन्यापुढे वाचला गेला. त्याच संध्याकाळी जमावाने बोलिंग ग्रीन चौकातला राजा तिसरा जॉर्ज याचा अश्वारूढ पुतळा दोर लावून खाली ओढला. सोन्याचा मुलामा दिलेला तो पुतळा आतून शिशाचा होता, वजन सुमारे ४,००० पौंड. त्याचे तुकडे कनेक्टिकटमधल्या लिचफिल्डला स्वातंत्र्यवादी नेते ऑलिव्हर वॉलकॉट यांच्या घरी गेले आणि तिथल्या बायकामुलांनी त्यातून बंदुकीच्या ४२,०८८ गोळ्या ओतल्या. कोणी किती ओतल्या याचाही हिशेब ठेवला गेला. ०.६५ इंच व्यासाच्या गोळ्या धरल्या, तर एका पौंडात साधारण १७ बसतात, म्हणजे शिसे लागले जेमतेम २,५०० पौंड. उरलेले कुठे गेले? राजनिष्ठांनी वाटेत काही तुकडे पळवले, त्यातले काही पुढे विल्टन गावाजवळ जमिनीत सापडले.

हे काम घरात होऊ शकले याचे कारण शिशाचा वितळणबिंदू. शिसे ३२७ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे चुलीवरची लोखंडी कढई, एक पळी आणि चिमट्यासारखा साचा एवढ्यावर भागते. त्या काळी बंदुकीबरोबर तिच्या मापाचा साचाही मिळे. बंदुकीचे मापही शिशावरूनच ठरे : एका पौंडातून नळीच्या मापाच्या बारा गोळ्या निघाल्या की ती १२ बोअर. हा शब्द आपल्याकडेही रुळला आहे.

तेव्हा शिसे जितके शुद्ध आणि मऊ तितके चांगले. १८४९च्या मिनिए गोळीने (रायफलीची लांबट, निमुळती गोळी) तर ही अटच घातली. तिचा तळ पोकळ असे. स्फोटाच्या दाबाने त्याची कड फुगून नळीतल्या पिळाच्या खाचांत रुतायची. धातू कडक असेल तर कड फुगत नाही, गोळीला पीळ मिळत नाही आणि नेम भरकटतो. अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या शस्त्रखात्याने खिडक्यांची वजने आणि पाण्याचे नळ गोळा केले ते नुसत्या टंचाईपोटी. पण ते शिसे मऊ होते, म्हणून कामालाही आले.

हे गणित १८८६ नंतर उलटले. फ्रान्सच्या लेबेल रायफलीबरोबर धूरविरहित दारू आली आणि गोळीचा वेग वाढला. इतक्या वेगाला मऊ शिसे खाचा पकडत नाही, घासटून नळीत थर धरते. सैन्यांनी तांब्याचे कवच स्वीकारले. घरी ओतणाऱ्यांना मात्र कडक मिश्रधातू शोधावा लागला, आणि तो त्यांना छापखान्यात सापडला. १८८६ मध्येच न्यूयॉर्क ट्रिब्यूनमध्ये मर्गेनथालरचे लायनोटाइप, म्हणजे छपाईसाठी वितळलेल्या धातूतून अक्षरांच्या ओळी ओतणारे यंत्र, सुरू झाले होते. त्याचा धातू ८४ टक्के शिसे, १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील असा. अँटिमनी कडकपणा आणते; कथिलामुळे रस साच्याच्या कानाकोपऱ्यात नीट भरतो. कडकपणा मोजणाऱ्या ब्रिनेल मापाने शुद्ध शिसे ५ भरते, लायनोटाइप २२च्या आसपास. गोळ्यांचे साचे बनवणाऱ्या लायमन कंपनीचे प्रसिद्ध ‘नंबर २’ मिश्रण (९० शिसे, ५ अँटिमनी, ५ कथील) त्यांच्या मधले, साधारण १५. न्यूयॉर्क टाइम्सने जुलै १९७८ मध्ये गरम धातूची छपाई थांबवली, आणि हळूहळू हा झराही आटला.

त्यानंतरचा आधार म्हणजे मोटारीच्या चाकाचा तोल साधणारी छोटी वजने. शिशात तीन-चार टक्के अँटिमनी, किंचित कथील आणि आर्सेनिकचा अंश. या अंशामुळेच साच्यातून गरम गोळी थेट पाण्यात टाकली की ती बरीच कडक होते. टायरवाले अशा वजनांच्या बादल्या फुकट देत. पुढे युरोपीय संघाने २००५ पासून, कॅलिफोर्नियाने २०१० पासून शिशाच्या वजनांवर बंदी आणली, जस्त आणि पोलाद आले, आणि बादलीत भेसळ सुरू झाली.

म्हणून आज या कामातला खरा कसब निवडण्यात आहे. पक्कडीच्या धारेखाली शिसे सहज दबते, जस्त दबत नाही. पुष्कळ तुकड्यांवर ‘झेडएन’ (जस्त) किंवा ‘एफई’ (लोखंड) कोरलेले असते. नजरेतून सुटलेले जस्त उष्णतेने पकडायचे : ते ४१९ अंशांना वितळते, म्हणून रस ३७० च्या वर जाऊ द्यायचा नाही. जस्त, पोलादी क्लिपा, तांब्याची कवचे सगळे शिशापेक्षा हलके, ते वर तरंगते आणि झाऱ्याने काढता येते. घाईने आच वाढवली की जस्त विरघळते, रस लापशीसारखा होतो आणि साचा अर्धवट भरतो. दोष तापमापक न वापरण्याचा असतो, साच्याला नावे ठेवून उपयोग नाही.

भंगार थंड कढईतच भरावे. ओला तुकडा तयार रसात पडला तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि रस अंगावर उडतो. भांडे ओतीव लोखंडाचे किंवा जाड पोलादाचे. ॲल्युमिनियम या उष्णतेत कमजोर होऊन तळ देते. रस झाला की मूठभर कोरडा लाकडी भुसा टाकून ढवळावे. जळून उरलेला कोळसा कथिलाच्या ऑक्साइडला परत धातूत आणतो. वरची करडी साय पहिल्याच फेरीत काढून फेकली तर महागडे कथील तिच्याबरोबर जाते. लगडी ओतायला कथिलाची कल्हई असलेली बेकरीची भांडी नकोत, शिसे त्यांना डागल्यासारखे चिकटते. गंजलेले पोलाद उत्तम. प्रत्येक लगडीवर मिश्रणाची खूण ठोकावी, कारण थंड झाल्यावर सगळ्या सारख्याच दिसतात.

बॅटरीतले शिसे मात्र घरी कधीच वितळवू नये. त्यातल्या कॅल्शियम, आर्सेनिक आणि अँटिमनीमुळे उरलेल्या मळीला ओल लागली की आर्सीन आणि स्टिबीन हे जीवघेणे वायू सुटू शकतात. एरवी या तापमानाला शिशाची वाफ फार थोडी होते. विष पोटात जाते ते मळीच्या भुकटीतून, हातावरून, कपड्यांवरून. काम उघड्यावर, मास्क लावून, भांडी कायमची वेगळी, कपडे वेगळे धुवायचे, आणि लहान मुले व गरोदर स्त्रिया दूर. लिचफिल्डच्या मुलांना हे सांगणारे कोणी नव्हते.

डिसेंबर २०१३ मध्ये मिसुरीतली हर्क्युलेनियमची भट्टी बंद झाली. खाणीतल्या खनिजापासून शिसे काढणारी ती अमेरिकेतली शेवटची भट्टी, म्हणून आता गोळ्या संपणार अशी हाकाटी उठली. पण देशातले बहुतेक शिसे आधीपासूनच जुन्या बॅटऱ्यांच्या पुनर्वापरातून येत होते. जास्त परिणाम झाला कॅलिफोर्नियाच्या कायद्याचा : शिकारीच्या मांसातले शिशाचे कण खाऊन कॉन्डॉर गिधाडे मरत होती, म्हणून १ जुलै २०१९ पासून तिथे शिकारीत शिशाची गोळी वापरता येत नाही. भारतात परवान्याविना दारूगोळा किंवा त्याचे भाग बनवणे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार गुन्हा आहे.