हिमस्तरांची माघार (खानदेशसंदर्भ)

शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीस उत्तर अमेरिका व उत्तर युरोप व्यापणारे हिमस्तर वितळून मागे हटले, त्या घटनेस ही संज्ञा लावतात. खानदेशात (जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्हे) या काळात हिमनद्या नव्हत्या. चंद्रपूरकडे इरई नदीच्या परिसरात खडकावर दिसणारे हिमघर्षणाचे ओरखडे सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. त्यांची या हिमयुगाशी गल्लत करू नये. तापीच्या खोऱ्यापर्यंत ही घडामोड पोचली ती मोसमी पाऊस आणि समुद्रपातळी यांच्यामार्फत.

हिमस्तरांचा कमाल विस्तार (हिमकमाल) साधारणतः २६,५०० ते १९,००० वर्षांपूर्वी होता. समुद्रपातळी तेव्हा आजच्यापेक्षा सु. १२० ते १३० मी. खाली होती. पृथ्वीच्या कक्षेतील व आसाच्या कलातील बदलांमुळे उत्तर गोलार्धातील उन्हाळी ऊन वाढले, त्यातून वितळण सुरू झाली. पुढे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइडच्या वाढीने तिला जोर आला. गती एकसारखी नव्हती. सु. १४,६०० वर्षांपूर्वी अवघ्या काही शतकांत समुद्र दहा-पंधरा मीटर किंवा त्याहून अधिक चढला. ते पाणी अंटार्क्टिकाचे की उत्तर अमेरिकेचे, यावर मतभेद आहेत. मोठा वाटा उत्तर अमेरिकेचा, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. सु. १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वी उत्तर गोलार्धात थंडी पुन्हा परतली. ती सरल्यावर होलोसीन, म्हणजे आजही चालू असलेला उबदार काळ सुरू झाला. कॅनडावरील हिमस्तराचे मुख्य अवशेष सु. ७,००० वर्षांपूर्वीपर्यंत टिकले.

हिमकमालाच्या काळात मोसमी पाऊस दुबळा होता. खंबायतचे आखात उथळ असल्याने तेव्हा कोरडे पडले होते, म्हणजे तापी आजच्या मुखाच्या बऱ्याच पुढे जाऊन समुद्रास मिळे. आज खानदेशात तापी गाळाच्या उंच दरडींमधून वाहते. पात्रात उतरून पाहिले, तर पिवळसर गाळ, त्यात चुनखडीचे खडे आणि मधूनमधून वाळू-गोट्यांचे पट्टे असे थर दिसतात. काठची शेते घळींनी चिरलेली असतात. ही खोल खोदाई कशाने झाली, हा वादाचा विषय आहे. समुद्र खाली गेल्याने नदीने पात्र कापले, हे एक मत. तापीच्या भ्रंशपट्ट्यातील (भूकवच तडकून सरकलेल्या पट्ट्यातील) भूहालचाली हे दुसरे. वि. स. काळे व शरद राजगुरू या संशोधकांनी १९८७ मध्ये वायव्य दख्खनच्या नद्यांविषयी मांडलेला क्रम वेगळा आहे : दुबळ्या पावसाच्या काळात गाळाची भरणी, होलोसीनच्या आरंभी पाऊस वाढल्यावर खोदाई. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या भागात पावसाचे कारण अधिक पटते. मात्र मुखाजवळच्या भागाला समुद्रपातळीचा मुद्दा सोडता येत नाही.

मानवी वस्तीचा मुख्य पुरावा चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथील आहे. (भास्कराचार्यांच्या घराण्याशी निगडित शिलालेखामुळे अभ्यासकांना परिचित असलेले पाटण ते हेच.) पुरातत्त्वज्ञ शं. अ. साळी यांना येथील उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे व मणी मिळाले. एका तुकड्यावर समांतर रेषांच्या पट्ट्यात आडव्यातिडव्या रेघा कोरलेल्या आहेत. भारतात इतरत्र नोंदलेल्या अशा बहुतेक रेषा झाडांच्या मुळांनी झिजून पडलेल्या निघाल्या. पाटण्याचे कोरीवकाम मात्र माणसाचे, हे सामान्यतः मान्य आहे. शहामृग हा उघड्या, कोरड्या गवताळ मुलखातला पक्षी, तेव्हा आज केळी-कपाशीच्या या प्रदेशाचे रूप निराळे असावे.

कार्बन-१४ पद्धतीने (किरणोत्सारी कार्बनच्या उरलेल्या प्रमाणावरून) या कवचाचे वय सु. २५,००० वर्षे येते. जुन्या लेखनात हा आकडा थेट हिमकमालाशी जोडलेला आढळतो. परंतु तो असंस्कारित, म्हणजे दुरुस्ती न केलेल्या कार्बनवर्षांतला आहे. कार्बनवर्षांचे सौरवर्षांत रूपांतर केल्यास वय ४,००० वर्षांच्या आसपास मागे सरकते. त्यामुळे हे कवच हिमकमालाच्या ऐन भरातले नसून त्याआधीचे मानणे सुरक्षित. वरच्या थरांत मध्याश्मयुगीन सूक्ष्मास्त्रे (अगदी लहान दगडी हत्यारे) मिळतात.

तापी-गोमाई संगमावरील प्रकाशे येथे १९५५ मध्ये उत्खनन झाले. तेथील ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरणाऱ्यांची) वस्ती, नदीची खोदाई बरीचशी उरकल्यानंतर काठावर वसली असे मानावयास हरकत नाही.