वर्गात काय बोलायचं हे कोण ठरवतं? एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

विद्यापीठांनी राजसत्तेला आपणहून दारात बोलावलं होतं, ही गोष्ट विद्यापीठांत सत्तेने किती ढवळाढवळ करायची या वादात सहसा कुणी काढत नाही. बाराव्या शतकात इटलीतल्या बोलोन्याला कायदा शिकायला येणारी मुलं बहुतेक परमुलखातली. त्यांच्या मुलखातल्या कुणी कर्ज बुडवलं, तर सावकार हाताशी लागेल त्या विद्यार्थ्याला धरून ते वसूल करत. त्यांच्या गाऱ्हाण्यावरून सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११५५ च्या सुमारास फर्मान काढून हा प्रकार बंद केला. विद्यार्थ्यावर खटला चालवायचाच तर तो त्याच्या गुरूपुढे किंवा बिशपपुढे, असंही ठरवून दिलं.

पॅरिसमध्ये १२२९ साली गुत्त्यातल्या मारामारीचं पर्यवसान विद्यार्थ्यांच्या हत्येत झालं. मारणारे शहराचे शिपाई होते. गुरुजनांनी वर्ग बंद केले ते जवळपास दोन वर्षं. अखेर पोप नवव्या ग्रेगरीने १२३१ मध्ये सनद दिली आणि अन्याय झाल्यास अध्यापन थांबवण्याचा हक्कच मान्य केला. पण १२७७ मध्ये त्याच चर्चच्या, पॅरिसच्याच बिशपने २१९ विधानांची यादी काढून ती शिकवण्यावर बंदी घातली. संरक्षण देणाऱ्याने हिशेब मागायला पन्नास वर्षंही लावली नाहीत.

चर्चची जागा पुढे राजांनी घेतली. १७२३ मध्ये प्रशिया या जर्मन राज्याच्या राजाने हाले विद्यापीठातल्या ख्रिश्चन वोल्फ या प्राध्यापकाला ४८ तासांत राज्य सोड, नाहीतर फासावर जाशील, असा हुकूम पाठवला. चिनी लोक ख्रिस्ती धर्माशिवायही नीतीने वागतात, असं त्याने व्याख्यानात सांगितलं होतं. १७९४ मध्ये पाळी इमान्युएल कांटची आली. धर्मावर लिहिल्याबद्दल राजाची लेखी तंबी आली. ‘आपला एकनिष्ठ प्रजाजन या नात्याने’ यापुढे धर्मावर बोलणार वा लिहिणार नाही, असं उत्तर म्हाताऱ्या कांटने दिलं. तीन वर्षांनी राजा वारला. मग कांटने तो सगळा पत्रव्यवहार छापून टाकला. वचन त्या राजाचा प्रजाजन म्हणून दिलं होतं, राजा गेला, वचन संपलं! एवढ्या थोर तत्त्ववेत्त्यालाही शब्दांच्या फटीतून वाट काढावी लागली, यावरून दबाव किती होता ते कळतं.

आजच्या वादाचा खरा साचा मात्र एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन राज्यांत तयार झाला. मार्च १८१९ मध्ये एका विद्यार्थ्याने कोत्सेबू या नाटककाराचा खून केला आणि राज्यकर्त्यांना आयतं निमित्त मिळालं. या राज्यांनी मिळून केलेल्या कार्ल्सबाडच्या ठरावांनी प्रत्येक विद्यापीठावर सरकारी प्रतिनिधी नेमला. विद्यार्थी संघटना बेकायदा ठरल्या. एका राज्याने काढलेल्या प्राध्यापकाला दुसऱ्या राज्याने नोकरी द्यायची नाही, असंही कलम होतं, म्हणजे एकदा नाव खराब झालं की सगळीकडची दारं बंद.

१८३७ मध्ये हानोव्हरच्या नव्या राजाने, अर्न्स्ट ऑगस्टने, चार वर्षांपूर्वीची राज्यघटना रद्द केली. गटिंगेन विद्यापीठातल्या सात प्राध्यापकांनी लेखी निषेध केला. परीकथांमुळे घराघरांत पोचलेले याकोब आणि विल्हेल्म हे ग्रिम बंधू त्यांच्यात होते. त्यांचं म्हणणं साधं होतं: आम्ही जुन्या घटनेची शपथ घेतली आहे, ती मोडली तर विद्यार्थी आम्हाला काय किंमत देतील? सातही जणांना बडतर्फ केलं गेलं. निषेधपत्र बाहेर पसरवल्याबद्दल डालमान, गेर्विनुस आणि याकोब ग्रिम या तिघांना तीन दिवसांत राज्य सोडायला लावलं. पुढे सगळ्या जर्मनीसाठी लिहिलेल्या १८४९ च्या फ्रँकफर्ट घटनेत ‘विज्ञान आणि त्याचं अध्यापन मुक्त आहे’ हे वाक्य आलं, आणि वर्षभराने प्रशियाने ते आपल्याही घटनेत घेतलं.

घटनेत वाक्य आलं, तरी पगार सरकारचाच राहिला. १८९८ मध्ये प्रशियाने कायदाच करून बिनपगारी अध्यापकांनाही सरकारी शिस्तीखाली आणलं. रोख लेओ आरोन्स या एकट्या समाजवादी पदार्थवैज्ञानिकावर होता, आणि १९०० मध्ये त्याला काढण्यातही आलं. ७ एप्रिल १९३३ रोजी नाझी राजवटीने ज्यू आणि विरोधकांना सरकारी सेवेतून हाकलण्याचा कायदा केला, तेव्हा विद्यापीठांसाठी निराळा कायदा करण्याची गरजच पडली नाही. प्राध्यापक सरकारी नोकरच होते.

अमेरिकेत राजा नव्हता, पण देणगीदार होते. १९०० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संस्थापक जेन स्टॅनफर्ड यांना एडवर्ड रॉस या अर्थतज्ज्ञाची मतं खटकली आणि त्याला जावं लागलं. या आणि अशा प्रकरणांमधून १९१५ मध्ये प्राध्यापकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. नोकरीची शाश्वती ही काही चैन नसून बोलण्याची पूर्वअट आहे, ही मांडणी तिथून रुजली. तरीही १९५० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाने साम्यवादविरोधी शपथेवर सही न करणाऱ्या ३१ अध्यापकांना काढलं. अशा निष्ठेच्या सक्तीला सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये, न्यूयॉर्कच्या एका खटल्यात, ठाम नकार दिला.

वसाहतीतल्या सरकारला शपथेचीही गरज नव्हती. अनुदान पुरेसं होतं. हिंदुस्थानात १८५४ च्या वुडच्या खलित्याने खासगी शाळांना अनुदान देण्याची पद्धत आणली. कर्झनच्या १९०४ च्या कायद्याने विद्यापीठांच्या सिनेटमध्ये सरकारनियुक्त सदस्यांचं पारडं जड केलं. पाठोपाठ बंगालच्या फाळणीविरुद्धचं आंदोलन पेटलं, तेव्हा ऑक्टोबर १९०५ मध्ये कार्लाइल परिपत्रक निघालं: विद्यार्थी चळवळीत दिसले तर शाळेचं अनुदान आणि शिष्यवृत्त्या बंद. पोलीस पाठवायची गरज नाही, हेडमास्तरच पहारा देतील, असा तो हिशेब. पुण्यात परदेशी कापडाची होळी केल्याबद्दल फर्ग्युसन कॉलेजने सावरकरांना १० रुपये दंड करून वसतिगृहातून काढलं, तेही याच वर्षी. १९०७ च्या रिस्ले परिपत्रकाने विद्यार्थ्यांनी राजकीय सभांना जाण्यावरची बंदी देशभर नेली. याला उत्तर म्हणून सरकारी पैसा न घेणाऱ्या राष्ट्रीय शाळा निघाल्या. पण त्यांच्या पदव्यांना सरकारी नोकरीत किंमत नव्हती, त्यामुळे बहुतेकींची दमछाक झाली.

एवढ्या सगळ्यात शाळकरी मुलांच्या बोलण्याच्या हक्काचा प्रश्न कुठेच नाही. त्यांचा नंबर सर्वांत शेवटी लागला, आणि तोही आधी गप्प राहण्याच्या हक्कासाठी. १९४० मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने झेंड्याला सक्तीचं वंदन योग्य ठरवलं होतं. तीनच वर्षांत, ऐन महायुद्धात, त्याच न्यायालयाने तो निकाल फिरवला. भारतात केरळच्या तीन भावंडांना राष्ट्रगीत न गायल्याबद्दल शाळेतून काढलं होतं. ती आदराने उभी राहत, फक्त धर्मश्रद्धेमुळे गात नसत. १९८६ मध्ये बिजो इमॅन्युएल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं. स्वतःहून मत मांडण्याचा हक्क अमेरिकेत १९६९ मध्ये मिळाला, तोही काळ्या फितीच्या रूपात: व्हिएतनाम युद्धाविरुद्ध दंडाला फीत बांधून आलेल्या मुलांना निलंबित करणं चुकीचं ठरलं. शाळेच्या कामात खरा अडथळा येत असेल तरच रोखा, हा निकष तेव्हापासूनचा. १९८८ मध्ये अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या वर्तमानपत्रातली पानं मुख्याध्यापकाला काढू दिली, कारण ते शाळेच्या खर्चाने, अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघत होतं. फीत मुलाची, वर्तमानपत्र शाळेचं!

बोलणं कुणाचं आणि खर्च कुणाचा, हाच भेद आता विद्यापीठांच्या बाबतीत ताणला जातोय. हंगेरीत २०२१ मध्ये बहुतेक सरकारी विद्यापीठं न्यासांकडे सोपवली गेली आणि विश्वस्त मंडळांवर सत्ताधाऱ्यांच्या गोटातली माणसं बसली. कागदोपत्री सरकार बाहेर पडलं होतं. युरोपीय संघाने डिसेंबर २०२२ मध्ये या न्यासांशी नवे अनुदान करार करणंच थांबवलं, म्हणजे एका सत्तेच्या पकडीवर दुसऱ्या सत्तेने उपाय काढला तोही पैशाचाच. अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये प्रवेश, नेमणुका आणि अंतर्गत कारभाराबद्दलच्या सरकारी मागण्या हार्वर्डने फेटाळल्या, आणि ट्रम्प सरकारने सुमारे २.२ अब्ज डॉलरची अनुदानं गोठवली. सप्टेंबरमध्ये बोस्टनच्या संघीय न्यायालयाने ती कारवाई बेकायदा ठरवली. विद्यापीठाला पैसा द्यायला सरकार बांधील आहे, असं न्यायालय म्हणालं नाही. दिलेला पैसा विद्यापीठाने नकार दिला म्हणून सूड उगवायला रोखता येत नाही, असं म्हणालं. सरकारने त्यावर अपिलाचा मार्ग धरला.