ब्राह्मणग्रंथ

वैदिक मंत्रांचा यज्ञातील विनियोग सांगणारे आणि प्रत्येक कृतीमागचे कारण उलगडणारे प्राचीन गद्य ग्रंथ. ‘ब्राह्मण’ हा शब्द येथे नपुंसकलिंगी आहे, जातिवाचक नाही. ‘ब्रह्मन्’ म्हणजे मंत्र. त्याविषयीचे विवेचन ते ब्राह्मण. ‘मन्त्रब्राह्मणयोर्वेदनामधेयम्’ (मंत्र आणि ब्राह्मण या दोहोंना वेद हे नाव आहे) असे सूत्रकार आपस्तंब म्हणतो. स्वरूप भाष्याचे असले तरी परंपरेने हा भाग वेदच मानला, तो असा.

ऋग्वेदाची ऐतरेय व कौषीतकि, कृष्ण यजुर्वेदाचे तैत्तिरीय, शुक्ल यजुर्वेदाचे शतपथ, सामवेदाची तांड्य, जैमिनीय इत्यादी आणि अथर्ववेदाचे गोपथ ही प्रमुख ब्राह्मणे होत. कृष्ण यजुर्वेदात तर संहितेतच (मूळ वेदग्रंथातच) मंत्र आणि ब्राह्मण मिसळलेले आहेत. शतपथ सर्वांत विस्तृत : माध्यंदिन शाखेत १४ कांडे व १०० अध्याय, काण्व शाखेत १७ कांडे. बृहदारण्यकोपनिषद त्याच्याच शेवटच्या कांडात येते.

मीमांसकांनी, म्हणजे वेदवाक्यांच्या अर्थाचे शास्त्र मांडणाऱ्यांनी, ब्राह्मणवाक्यांचे दोन ठळक भाग केले : ‘असे करावे’ हा विधी आणि त्याची स्तुती किंवा उपपत्ती सांगणारा अर्थवाद. विधी कोरडे असतात. ग्रंथाची खरी गोडी अर्थवादात आहे. प्रजापतीला द्यायची आहुती पुटपुटत का द्यायची? शतपथ सांगते : मन आणि वाणी यांच्यात श्रेष्ठ कोण, असा वाद लागला. मन म्हणाले, मला न कळलेले तू काहीच बोलत नाहीस. वाणी म्हणाली, तुला कळलेले मीच लोकांना कळवते. निवाडा प्रजापतीकडे गेला आणि त्याने मनाच्या बाजूने कौल दिला. रुसलेली वाणी म्हणाली, तुझे हव्य मी वाहणार नाही. म्हणून प्रजापतीचे कर्म उपांशु, हलक्या आवाजात. एवढ्याशा रीतीसाठी केवढी कथा!

शब्दांच्या व्युत्पत्तीही याच वळणाच्या. ‘इंद्र’ हा मूळचा ‘इंध’ (पेटवणारा), पण देवांना परोक्ष (आडवळणाने) बोलणे आवडते म्हणून ‘इंद्र’ म्हणतात. वैयाकरण याला मान डोलावणार नाही. मात्र जे जे सारखे दिसते किंवा ऐकू येते ते आतून जोडलेले आहे, हीच या ग्रंथांची विचारपद्धती आहे. अग्निचयनातील (अग्निवेदी रचण्याच्या विधीतील) १०,८०० लोकंपृणा नावाच्या विटा कशाच्या? वर्षाच्या ३६० दिवसांतील मुहूर्तांच्या, दिवसाला ३० प्रमाणे. वेदी रचणे म्हणजे संवत्सर रचणे.

ऐतरेयाच्या सातव्या पंचिकेतील (विभागातील) शुनःशेपाची कथा राजसूयात (राज्याभिषेकाच्या यज्ञात) राजाला ऐकवण्यासाठी आहे. भुकेने पिडलेला अजीगर्त शंभर गाईंना आपला मुलगा शुनःशेप बळीसाठी विकतो, आणखी शंभरांसाठी त्याला यूपाला (यज्ञस्तंभाला) बांधतो, आणखी शंभर घेऊन सुरीला धार लावतो. मुलगा ऋचांनी देवांना आळवतो आणि पाश गळून पडतात. यज्ञाच्या ग्रंथानेच बलीच्या बाजूने सांगितलेली ही कथा कोणाही श्रोत्याला अस्वस्थ करते. ‘चरैवेति’ (चालत राहा) हे सुप्रसिद्ध पालुपदही याच आख्यानातले.

ब्राह्मणांचा काळ अभ्यासक साधारणपणे इ. स. पू. ९०० ते ६०० च्या आसपास धरतात. कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत, या शतपथातील वाक्यावरून ज्योतिषशास्त्राचे इतिहासकार शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी तो भाग इ. स. पू. ३००० च्या सुमाराचा ठरवला होता. वाक्याचा असा काटेकोर खगोलीय अर्थ घ्यावा का, यावर मतभेद आहेत.

महाराष्ट्रात ऋग्वेदी वैदिकाने पाठ करायच्या दशग्रंथांत संहितेखालोखाल ब्राह्मण येते. ते मुखोद्गत असल्याशिवाय कोणी दशग्रंथी होत नाही. पुण्यात संस्कृत शिकवणाऱ्या मार्टिन हाउग या जर्मन पंडिताने १८६३ मध्ये मुंबईतून ऐतरेय ब्राह्मणाचा मूळ पाठ इंग्रजी भाषांतरासह छापला. यज्ञातील कृती पुस्तकावरून नीट उमगत नाहीत, म्हणून त्याने याज्ञिकांकडून त्या प्रत्यक्ष समजून घेतल्या. पठणात एक फरक आढळतो : शतपथ आणि तैत्तिरीय सस्वर म्हटले जातात, त्यांच्या पोथ्यांत स्वरचिन्हेही असतात, ऐतरेय मात्र स्वरांकनाविना उतरले आहे.