डायटम बुडतात, यावर बरेच काही ठरते

हिवाळा संपता संपता जर्मनीच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कील उपसागरात डायटमचा बहर येतो. ऊन वाढले, पाणी जरा स्थिरावले की हे एकपेशीय जीव भराभर दुप्पट-चौपट होत जातात. काही आठवडे हे चालते आणि मग थोड्याच दिवसांत वरचे पाणी रिकामे होते. कोणी खाऊन टाकले म्हणावे, तर खाणारे प्राणिप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे इवले प्राणी, त्या थंडीत अजून पुरेसे वाढलेलेही नसतात. मग एवढे डायटम जातात कुठे? तळाकडे. बुडून जातात, आणि त्यातले बरेचसे ताजे असतानाच.

व्हिक्टर स्मेटाचेक या समुद्रशास्त्रज्ञांनी या बुडण्याचा माग कधी सोडला नाही. नैनीतालजवळच्या भीमतालमध्ये वाढलेले स्मेटाचेक शिकायला कीलला गेले आणि पुढे ब्रेमरहाफेनच्या आल्फ्रेड वेगेनर संस्थेत संशोधन करत राहिले. १९८५ साली त्यांनी एक धाडसी मांडणी केली. बुडणे म्हणजे नुसता मृत्यू नव्हे, ती डायटमच्या जीवनक्रमाचीच एक पायरी आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वरच्या पाण्यातली पोषकद्रव्ये संपत आली की पेशी चिकट द्रव सोडतात, त्यांचे काटे एकमेकांत अडकतात आणि त्यांचे पुंजके बनतात. सुटी पेशी दिवसाला जेमतेम मीटरभर खाली जाते. पुंजका मात्र शंभर मीटर किंवा त्याहूनही जास्त उतरतो. बहुतेक पेशी वाटेत किंवा तळाशी मरतात, पण काही जाड कवचाच्या सुप्त बीजाणूंच्या रूपात टिकून राहतात. पुढे कधी पाणी ढवळून निघाले की त्या पुन्हा उजेडात येतात आणि नवा बहर धरतो.

डायटम हे नाव शाळेच्या पुस्तकात एखाद्या ओळीत येऊन जाते, म्हणून थोडे जवळून पाहू. प्रत्येक पेशीभोवती सिलिकाचे, म्हणजे एका परीने काचेचेच, कवच असते. कुंकवाच्या करंड्यासारखे त्याचे दोन भाग: एक किंचित मोठा, दुसरा त्यात बसेल असा. पेशी दुभंगते तेव्हा दोन्ही नव्या पेशींना जुना एकेक भाग मिळतो आणि प्रत्येक पेशी आत बसणारा धाकटा भाग नव्याने घडवते. त्यामुळे ज्या पेशीच्या वाट्याला जुना धाकटा भाग येतो, ती आधीच्यापेक्षा थोडी लहान होते. असे पिढ्यान्‌पिढ्या चालते. शेवटी लैंगिक पुनरुत्पादन होऊन एक फुगीर पेशी तयार होते आणि मूळचा आकार परत मिळतो. या सगळ्याला पाण्यात विरघळलेली सिलिका लागते. ती मुळात खडकांची झीज होऊन नद्यांवाटे समुद्रात येते. सिलिका नाही तर कवच नाही, आणि कवच नाही तर बहुतेक डायटमची वाढच थांबते. ही अट लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

हे कवच कशासाठी? स्मेटाचेक यांचे उत्तर होते: खाणाऱ्यांपासून बचावासाठी. २००३ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी अतिशय बारीक काचेच्या सुयांनी जिवंत डायटम दाबून पाहिले. दक्षिण महासागरातला फ्रॅजिलॅरिऑप्सिस केर्गुएलेन्सिस हा डायटम माणसाच्या केसाच्या जाडीहून लांबीला फारसा मोठा नसतो. त्याचे कवच दर चौरस मीटरला शेकडो टन या हिशेबाचा दाब सोसते, असे या प्रयोगात दिसले. कोपेपॉडसारख्या इवल्या प्राण्यांच्या जबड्यांनाही सिलिकाची धार असते, ती का असावी हे यावरून कळते. समुद्रातल्या या झुंजीचा विचार करताना मला दर वेळी वाटते की वनस्पतिप्लवकांना, म्हणजे डायटमसारख्या उजेडावर जगणाऱ्या तरंगत्या सूक्ष्मजीवांना, आपण ‘समुद्रातले गवत’ म्हणून फार लवकर मोकळे होतो.

पृथ्वीवरच्या प्रकाशसंश्लेषणाचा जवळजवळ निम्मा वाटा वनस्पतिप्लवकांचा असतो, आणि एकूणातला सुमारे पाचवा हिस्सा एकट्या डायटमचा. पण त्यांनी किती कार्बन डायऑक्साइड शोषला, एवढ्याने हवामानाचा हिशेब पुरा होत नाही. वरच्यावर कोणी त्यांना खाल्ले, तर तो वायू श्वसनातून पुन्हा पाण्यात आणि हवेत येतो. तेच डायटम हजार मीटरच्या खाली बुडाले, तर त्यांच्यातला कार्बन शतकभर किंवा त्याहून अधिक काळ हवेपासून दूर राहतो.

अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात नायट्रेट आणि फॉस्फेट मुबलक आहे, तरी तिथे प्लवक विरळ. उणीव असते ती लोहाची, असे अमेरिकन शास्त्रज्ञ जॉन मार्टिन यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडले. अर्धे जहाज भरून लोह द्या, मी हिमयुग आणून दाखवतो, हे त्यांचे वाक्य तेव्हापासून गाजते आहे. त्यामागे तर्क होता. हिमयुगात वाऱ्याबरोबर समुद्रावर येणारी लोहयुक्त धूळ जास्त होती आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे १८० इतका उतरला होता. औद्योगिक युगाआधीच्या उबदार काळात तो २८० च्या आसपास होता.

मार्टिन १९९३ मध्ये गेले. त्यांच्या कल्पनेची सर्वांत कसून परीक्षा २००४ साली ‘पोलारस्टर्न’ या जर्मन जहाजावरून झाली. दक्षिण महासागरातला एक मोठा भोवरा निवडला, म्हणजे लोहाचे खत घातलेले पाणी इकडेतिकडे पांगणार नाही. त्यात लोह सल्फेट सोडले आणि ३७ दिवस त्या पाण्याची साथ सोडली नाही. डायटमचा मोठा बहर आला. चौथ्या आठवड्यात तो कळसाला पोचला आणि मग कितीतरी जाती एकदम मरू लागल्या. बहरातले निदान निम्मे द्रव्य हजार मीटरच्या खाली गेले. निष्कर्ष छापून यायला २०१२ उजाडले. इतक्या खोलवरच्या मोजमापांचा ताळा लावायला वेळ लागतोच.

त्याआधीच, २००९ च्या जानेवारीत, स्मेटाचेक आणि गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे वजीह नक्वी हे दोघे मिळून त्याच जहाजाने केपटाउनहून निघाले. भारत आणि जर्मनीच्या या संयुक्त प्रयोगाचे नाव लोहाफेक्स. निघताच वादळ उठले. समुद्रात खत टाकणे म्हणजे प्रदूषण, असे पर्यावरण संघटनांचे म्हणणे पडले. जर्मन सरकारने काम थांबवले, पुनर्तपासणी केली आणि महिनाअखेर परवानगी दिली. मग सुमारे ३०० चौरस किलोमीटर पाण्यावर लोह सल्फेट पसरले गेले.

प्लवक वाढले, पण डायटम वाढले नाहीत. कारण त्या पाण्यातली सिलिका आधीच्या नैसर्गिक बहरांनी वापरून संपवली होती. वाढले ते कवच नसलेले, दहा मायक्रोमीटरहूनही लहान जीव. कोपेपॉडनी त्यांचा फडशा पाडला आणि कोपेपॉडना थेमिस्टो नावाच्या कोळंबीसारख्या प्राण्याने खाल्ले. खोल पाण्यात फारच थोडा कार्बन गेला.

प्रयोग फसला, अशा बातम्या तेव्हा आल्या. मला ते मुळीच पटत नाही. लोह घातले की कार्बन बुडतो, हा सरसकट समज या प्रयोगाने मोडला आणि समुद्रात खत टाकून पैसे कमवू पाहणाऱ्यांच्या हिशेबाला मोठा हादरा दिला. कोणत्या जाती उगवतील आणि त्यांना कोण खाईल, हे ठाऊक नसेल तर लोहाच्या टनांना अर्थ नाही. वादामुळे प्रयोग अडला असता, तर हेच कळायचे राहिले असते. म्हणून अशा छोट्या, उघडपणे केलेल्या प्रयोगांची बाजू घ्यायला हवी, मोठ्या प्रमाणावरच्या खतफवारणीची नाही.

जातींचा हा प्रश्न आपल्या अरबी समुद्रातही येऊन ठेपला आहे. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर खालचे थंड, पोषक पाणी वर येते, डायटम फोफावतात आणि त्यांच्यावर तारली पोसते. फ्रॅजिलॅरिया ओशनिका हा डायटम भरपूर असला की तारलीचा हंगाम चांगला जातो, हे मत्स्यशास्त्रज्ञांनी १९५० च्या दशकातच नोंदवले होते. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याच्या अखेरीस येणारा बहरही पूर्वी मुख्यतः डायटमचाच असे. २००० नंतर तिथे हिरव्या नोक्टिल्युका या एकपेशीय जीवाचे राज्य आले. तो पोटात शेकडो सूक्ष्म शैवाले बाळगून त्यांच्यावर जगतो, शिवाय डायटमही गिळतो. मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोआकिम गोएस यांनी सहकाऱ्यांसह २०१४ मध्ये दाखवले की ऑक्सिजन कमी असलेल्या पाण्यात या आतल्या शैवालांचे प्रकाशसंश्लेषण अधिक जोमाने चालते, म्हणजे तिथे नोक्टिल्युकाचे पारडे जड होते. त्याला खाणारे थोडेच. मुख्यतः सॅल्प नावाचे पारदर्शक, मऊ शरीराचे प्राणी आणि जेलीफिश. तारलीपर्यंत पोचणारी साखळी तिथे आखूड होते की तुटते, हे कळायला त्या पाण्याचे नमुने वर्षानुवर्षे, हंगामागून हंगाम घ्यावे लागतील.