विदूषकाच्या वेशातला हेर: 'ऑक्टोपसी'च्या गमतीमागचं बरंच काही

पूर्व बर्लिन, रात्रीची वेळ. एक विदूषक जीव मुठीत धरून पळतोय आणि त्याच्या मागावर आहेत सुरे फेकण्यात तरबेज असे दोन जुळे भाऊ. पाठीत सुरा रुतलेल्या अवस्थेत तो ब्रिटिश राजदूताच्या घरात काचा फोडून कोसळतो आणि त्याच्या हातातून एक रत्नजडित अंडं घरंगळत जमिनीवर येतं. हा विदूषक म्हणजे ब्रिटिश हेर ००९. 'ऑक्टोपसी' या १९८३च्या बाँडपटाचं मुख्य कथानक इथून सुरू होतं.

गंमत अशी की हा सिनेमा लोकांच्या लक्षात राहिलाय तो हसरा, खेळकर म्हणून. बाँड मगरीच्या आकाराच्या होडीत लपून तळं ओलांडतो, समोर आलेल्या वाघाला 'बस' म्हणून दरडावतो, वेलीला लटकून टारझनसारखी आरोळी ठोकतो. अनेक बाँडप्रेमी अशा जागांवर नाक मुरडतात. मला मात्र हा सिनेमा मनापासून आवडतो, आणि त्यातला हलकेपणा वरवरचा नाही असं माझं ठाम मत आहे.

इयन फ्लेमिंगने १९५३ साली कादंबरीत आणलेला बाँड गंमत्या नव्हता. १९६२पासून शॉन कॉनरीने पडद्यावर साकारलेल्या बाँडमध्ये मिश्कीलपणा होता, पण धाकही होता. १९७३ साली रॉजर मूर आला आणि नूरच पालटला. मूरने कॉनरीची नक्कल केली नाही. संकटात भुवई उंचावायची, कपड्यांची इस्त्री मोडू द्यायची नाही आणि प्रेक्षकाला जणू डोळा मारून सांगायचं की हा सगळा खेळ आहे, ही त्याची रीत. ती रीत १९७९च्या 'मूनरेकर'मध्ये थेट अंतराळात पोचली. तिथून पुढे जायला जागाच नव्हती. म्हणून १९८१च्या पुढच्या चित्रपटात निर्मात्यांनी बाँडला जमिनीवर आणलं आणि दिग्दर्शन सोपवलं जॉन ग्लेनकडे. मालिकेच्या आधीच्या चित्रपटांचं संकलन केलेला, साहसदृश्यांच्या तुकडीचं काम सांभाळलेला हा माणूस. 'ऑक्टोपसी' हा त्याचा दुसरा बाँडपट, आणि यात त्याने अंतराळातली मजा आणि जमिनीवरचा ताण एकाच भांड्यात शिजवायला घेतला.

त्यातच १९८३ साल वेगळंच उगवलं. 'थंडरबॉल' या बाँडकथेच्या मूळ पटकथेवरून फ्लेमिंग आणि निर्माता केव्हिन मॅक्लोरी यांच्यात कोर्टकज्जा झाला होता. १९६३ च्या तडजोडीत त्या गोष्टीचे चित्रपटाचे हक्क मॅक्लोरीकडे गेले. वीस वर्षांनी त्याच हक्कांच्या जोरावर प्रतिस्पर्धी बाँडपट उभा राहिला, तोही साक्षात कॉनरीला घेऊन. इकडे मूर पन्नाशी ओलांडलेला, नव्या बाँडचा शोध चाललेला, जेम्स ब्रोलिन या अमेरिकी नटाची कॅमेऱ्यासमोर चाचणीही झालेली. पण समोर कॉनरी म्हटल्यावर नवखा गडी कोण उतरवणार? मूरच राहिला. जूनमध्ये 'ऑक्टोपसी' आला, ऑक्टोबरमध्ये कॉनरीचा चित्रपट, आणि कमाईत मूर पुढे राहिला. लोकांना त्या वेळी कुठला बाँड जवळचा वाटत होता, हे त्यावरून कळतं.

कथेचा मसाला फ्लेमिंगच्या दोन लघुकथांतून आला. एकीतून अंड्याचा लिलाव आला, तर दुसरीतून नायिकेच्या वडिलांची, मेजर स्माइथची, जुनी कहाणी. पटकथेचं पहिलं काम जॉर्ज मॅक्डोनल्ड फ्रेझर या कादंबरीकाराचं. ब्रिटिश साम्राज्यकाळात रमणारा हा लेखक असल्याने कथा भारतात येणं साहजिक होतं.

१९८२ साली चित्रीकरणाची तुकडी उदयपूरला उतरली. पिचोला तलावातला जगनिवास नायिकेचा, म्हणजे ऑक्टोपसीचा, महाल झाला आणि डोंगरावरचं सज्जनगड खलनायक कमाल खानचा अड्डा. कमालचा उजवा हात गोबिंदा म्हणजे आपला कबीर बेदी, जो तोवर 'सांदोकान' या टीव्ही मालिकेमुळे इटलीत घराघरांत पोचला होता. बाँड कमालच्याच लबाड फाशांनी त्याला हरवतो, तेव्हा गोबिंदा एक शब्द न बोलता ते फासे मुठीत धरून त्यांचा भुगा करतो. एवढ्या एका कृतीत त्याने भूमिका खिशात घातली आहे.

बाँडचा साथीदार म्हणून आला विजय अमृतराज. विंबल्डनची उपांत्यपूर्व फेरी दोनदा गाठलेला हा टेनिसपटू रिक्षाच्या पाठलागात रॅकेटने गुंडांना झोडपतो आणि रस्त्यावरची गर्दी सामना बघत असल्यासारखी माना इकडून तिकडे वळवते. तिथे मी दरवेळी खळखळून हसतो. पण त्याच बाजारात गारुडी, निखाऱ्यांवर चालणारे, तलवार गिळणारे असा सगळा पाश्चात्त्यांच्या मनातला भारत कोंबला आहे. जुगारात जिंकलेले पैसे देताना करीची सोय झाली अशा अर्थाचं जे वाक्य बाँडच्या तोंडी आहे, ते आजही टोचतं. सिनेमा आवडतो म्हणून ते मी पोटात घालणार नाही.

या रंगपंचमीच्या खाली मात्र त्या काळातली खरीखुरी भीती आहे. अमेरिकी क्षेपणास्त्रं पश्चिम युरोपात आणून ठेवायचं घाटत होतं आणि त्याविरुद्ध लाखो लोक रस्त्यावर उतरत होते. इंग्लंडमध्ये ग्रीनहॅम कॉमनच्या हवाई तळाबाहेर बायकांनी १९८१पासून ठाण मांडलं होतं. चित्रपटातला सोव्हिएत जनरल ऑर्लोव्ह नेमकं हेच हेरतो. पश्चिम जर्मनीतल्या अमेरिकी तळावर अणुबाँब फुटला की सगळ्यांना तो अमेरिकेच्याच हातून झालेला अपघात वाटेल, घाबरलेला युरोप अण्वस्त्रं हटवेल आणि सोव्हिएत रणगाड्यांना रान मोकळं मिळेल, हा त्याचा डाव. विशेष म्हणजे त्याला वेडा ठरवणारे, शांततेच्या बाजूने उभे राहणारे रशियन सेनानीही चित्रपटात आहेत. हेरपटाने त्या दिवसांत शत्रूच्या गोटात शहाणी माणसं दाखवणं ही मला मोठी गोष्ट वाटते.

आणि हा बाँब कुठे दडवलाय? सर्कशीत, माणूस उडवणाऱ्या तोफेच्या बैठकीत. पोलीस मागे लागलेले, घड्याळ चालू, बाँडकडे एकच वाट उरते. तो तोंडाला रंग फासतो, विदूषकाचे कपडे चढवतो आणि तंबूत शिरतो. सुरुवातीला ००९ ज्या वेशात मेला, तोच वेश. बाँब आहे, असं तो जीव तोडून सांगतो आणि प्रेक्षक पोट धरून हसतात, कारण विदूषक बोलतोय. दहा वर्षं ज्या नटाने मरणाला हसण्यावारी नेलं, त्याच्यावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही. या प्रसंगात मूरची भुवई उंचावत नाही. कपाळावर घाम आहे, आवाजात कळवळा आहे. शेवटी विश्वास ठेवते ती एकटी ऑक्टोपसी. ती गोळी झाडून कुलूप उडवते, बाँड शेवटच्या क्षणी स्फोटाची कळ उपसून काढतो. चेहऱ्यावरचा रंग तेव्हाही तसाच असतो.