सरवा वेचणाऱ्या तिघी आणि मिले

सुगी उरकली की रानात गळून राहिलेली कणसे वेचायची, याला आपण सरवा वेचणे म्हणतो. फ्रान्समध्येही ही जुनी रीत होती. पीक उचलल्यावर मागे राहिलेल्या ओंब्या गावातल्या गरिबांच्या. पण वेचायच्या त्या दिवस मावळायच्या आत.

ज्याँ-फ्रांस्वा मिलेने १८५७ साली पॅरिसच्या ‘सालों’ या सरकारी प्रदर्शनात मांडलेल्या चित्रात अशाच तिघी आहेत. मागे लांबवर गंज्या, भरलेली गाडी, घोड्यावर बसलेला मुकादम. पुढे या तिघी, मूठ-मूठ ओंब्या गोळा करणाऱ्या. डावीकडच्या बाईने वेचलेल्या ओंब्यांचा हात पाठीवर ठेवला आहे. हा हात मला फार मोलाचा वाटतो. रानात राबलेल्यालाच तो सुचेल.

आणि मिले राबला होताच. १८१४ साली नॉर्मंडीतल्या ग्रुशी या वाडीत शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला आणि शेतात काम करतच वाढला. १८३७ मध्ये शेरबूर शहराने दिलेल्या शिष्यवृत्तीवर तो पॅरिसला गेला. पुढे बरीच वर्षे व्यक्तिचित्रे रंगवून पोट भरले. १८४९ मध्ये पॅरिसमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा जोडीदार कॅथरीन आणि मुलांना घेऊन तो फाँतेनब्लोच्या जंगलाकडेच्या बार्बिझाँ गावी आला आणि १८७५ साली मरेपर्यंत तिथेच राहिला. पेरणी करणारा, कुदळीवर टेकून दम घेणारा, शेतात उभ्याने सायंप्रार्थना करणारे जोडपे, ही सारी चित्रे इथलीच.

सरव्याच्या चित्रावर मात्र टीका झाली. राजाला पायउतार करणाऱ्या १८४८ च्या क्रांतीला जेमतेम नऊ वर्षे झाली होती, आणि गरिबांच्या उठावाची धास्ती अजून गेली नव्हती. एका समीक्षकाला या तिघी दारिद्र्याच्या नियतीदेवता, म्हणजे ग्रीक पुराणात माणसाचे नशीब ठरवणाऱ्या तीन देवींसारख्या, वाटल्या. मिलेला राजकारण करायचे नव्हते. पण तोवर देवदेवतांना आणि राजांना मिळणारी भव्यता त्याने मोलमजुरी करणाऱ्या बायकांना दिली, आणि खुपले ते हेच, असे मला वाटते.

सायंप्रार्थनेचे चित्र त्याने सुमारे १००० फ्रँकला विकले होते. १८८९ च्या लिलावात त्या चित्राला ५,५३,००० फ्रँक आले. त्यातले मिलेच्या घरच्यांना काहीच मिळाले नाही. पुनर्विक्रीत चित्रकाराचाही वाटा असावा, या मागणीसाठी पुढे हेच उदाहरण वारंवार दिले गेले. फ्रान्सने तसा कायदा केला तो १९२० साली.