ट्रम्पेट वाजवायला ओठ कोरडेच हवेत का?

बँडमधे नवीन पोरगा आला की त्याला पहिलं हेच सांगतात, ओठ रुमालाने कोरडे पूस, ओले असले तर माऊथपीस घसरतो आणि बाजा थुंकीने भरतो. वर्षानुवर्षं चाललंय हे, पण नियम म्हणून ते चुकीचं आहे.

आवाज निघतो तो ओठ थरथरल्यामुळे. ४४० हर्ट्झचा सूर लावला की ओठ सेकंदाला ४४० वेळा उघडमीट करतात, आणि ओठ जागेवर धरून ठेवतात ते तोंडाच्या कोपऱ्यांचे स्नायू, चिकटलेली कातडी नाही. काही चांगले वादक कोरड्या ओठांनी वाजवतात, त्यांना पकड बरी वाटते, तर बरेच जण जिभेने ओठ ओले करूनच माऊथपीस लावतात. दोन्ही चालतं. पण थंडीत कोरडा ओठ माऊथपीसला चिकटतो, बाजा काढताना साल ओढली जाते आणि मग दोन दिवस नीट सूर लागत नाही, म्हणून नवशिक्यावर कोरडेपणाची सक्ती करू नका हो.

आणि ते थुंकीचं. वॉटर की, म्हणजे बाज्यातलं पाणी काढायची छोटी कळ, दाबल्यावर जे टपटप पडतं ते बहुतेक श्वासातल्या वाफेचं पाणी असतं, गरम दमट हवा साधारण दीड मीटरच्या गार पितळी नळीतून जाते आणि आतून दव धरतं, गार काचेवर हाऽऽ केल्यावर धरतं ना तसंच. ओठ कितीही पुसा, अर्ध्या तासात पाणी निघणारच.